काळ्या गाऊनखालची निळी ज्योत

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझ्या आडनावाकडं लक्षच दिलं नाही. त्याचाच मला इतका धक्का बसला की, पुढं त्यांच्याकडून काय काय सोसायचंय याची मला तेव्हा कल्पनाच आली नाही.

कळंबात तोवर मी बऱ्याच खोल्या पाहिल्या होत्या. सगळीकडं एकच रीत. आधी गोड बोलायचं, मग गाव विचारायचं, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की त्या घरातल्या कुठल्या तरी पुतण्याचं लग्न ठरायचं आणि खोली त्याला लागायची. आम्ही बौद्ध झालो तेव्हा माझं नाव नुकतं शाळेत घातलं होतं. आता मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, तरी हे पुतणे लग्नं करायचे काही थांबत नव्हते. म्हणून या घरी मी दारातूनच सगळं सांगून टाकलं. आडनाव हे, आम्ही बौद्ध, चालत असेल तर बोला, नसेल तर माझी चप्पल अजून पायातच आहे.

समोर एक वाळक्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. अंगात कोर्टात घालतात तसा काळा कोट, खाली धोतर, आणि बाह्या वर सारलेले दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

"आडनाव राहू द्या हो," ते म्हणाले. "स्वैपाक कशावर करता? चूल, वातीचा स्टोव्ह, का पंपाचा?"

"पंपाचा."

"ज्योत कुठल्या रंगाची येते?"

"ज्योतीच्या रंगाची," मी म्हटलं. मला वाटलं हा माणूस थट्टा करतोय. ते मात्र एकदम दुःखी झाले. "सांगता येईना म्हणजे पिवळीच येत असणार," असं स्वतःशीच म्हणाले आणि मला किल्ली देऊन निघून गेले.

त्याच दिवशी मी डाळ शिजायला टाकली होती, तर हे गृहस्थ खोकले नाहीत, हाक मारली नाही, सरळ स्वयंपाकघरात येऊन स्टोव्हपुढं उकिडवे बसले. मी पदर सावरत भिंतीला टेकले. परक्या बाईच्या स्वयंपाकघरात पुरुषानं असं यावं! आणि येऊन माझ्याकडं बघतही नव्हते. बघत होते ते स्टोव्हकडं, आणि तेही असे की जणू त्यांच्या घरातलं पोर तापानं फणफणलंय.

"पिवळी!" ते ओरडले. "बाई, पिवळी ज्योत म्हणजे उपाशी ज्योत. हवा मिळंना म्हणून तोंड वासून बसलीय. रॉकेल तेवढंच जातं आणि जळतं अर्धवट. बेवकूफ लोक याला विस्तव म्हणतात."

त्यांनी चावी सोडून हवा काढली, डाळ खाली उतरवली, धोतराच्या सोग्यानं धरून गरम बर्नर उचकटला आणि तो घेऊन चालते झाले. डाळ कच्ची राहिली. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, भाकरी आणि पिठलं दिलं म्हणून त्या दिवशी जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्नर परत आला आणि त्यातून अशी निळी, ताठ, बारीक सूं करणारी ज्योत निघाली की शाळेला जायचं विसरून मी बघत बसले. त्या स्टोव्हवर त्यानंतर माझं भांडं कधी काळं झालं नाही.

ते वकील होते. वकिली शिकले हैदराबादला, त्यामुळं रागावले की उर्दूत रागावायचे आणि राग ओसरला की मराठीत यायचे. कळंबच्या कोर्टात त्यांचं नाव चांगलं होतं, पण त्यांचा जीव कायद्यात नव्हता. तो होता अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधल्या गाडीत. निजामाच्या राज्यात कुण्या बड्या अंमलदाराकडं असलेली ही विलायती गाडी, काळी, मोठ्या गोल दिव्यांची. राज्य गेलं, अंमलदार गेला, आणि गाडी वकीलसाहेबांनी हैदराबादहून स्वतः चालवत आणली. कळंबच्या सोसायटीच्या चेअरमनला तोंडावर अरे-तुरे करणारा हा माणूस गाडीला अहो म्हणायचा. "आज त्यांचा मिजाज ठीक न्हाय," असं ते म्हणाले की मला आधी वाटायचं काकूंबद्दल बोलतायत. काकूंना ते 'अगं' म्हणायचे.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका शब्दात होतं, 'मिक्चर'. गाडीच्या पोटात कार्बोरेटर असतो, तो हवा आणि पेट्रोल एकत्र करून इंजिनाला घास भरवतो. पेट्रोल जास्त झालं तर धूर, हवा जास्त झाली तर धाप. दोन्ही जिथं बरोबर जुळतं ती जागा स्क्रूच्या पाव फेऱ्यात असते आणि ती सारखी हलते. दुपारी ऊन चढलं की हलते, येडशीचा घाट चढला की हलते. ती जागा शोधणं हे त्यांच्या मते माणसाच्या जन्माला येण्याचं कारण होतं. माणसांनाही ते त्याच मापानं मोजायचे. चेअरमन म्हणजे "पेट्रोल जास्त, धूर दांडगा, ओढ न्हाय." माझ्याबद्दल त्यांचं मत होतं, "बाईंमध्ये हवा जरा जास्त आहे. लवकर तापतात." हे ते मला समोरच सांगायचे आणि मी तापले की खूश व्हायचे.

मिक्चर बघायची त्यांची एक रीत तर भर रस्त्यात चालायची. गाडी जोरात पळवायची आणि मध्येच इंजिन बंद करून टाकायचं. गाडी आपसूक थांबली की उडी मारून बाहेर, बॉनेट वर, आणि तापलेला प्लग पान्यानं काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे हवा जास्त. भाकरीवर नीट पडलेल्या डागाच्या रंगाचा हवा. एकदा उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जिल्हा कोर्टात जाताना मीही शाळेच्या कामासाठी मागं बसले होते आणि माझ्या शेजारी त्यांचा एक पक्षकार, हातात टोपी धरून. गाडी येडशीच्या अलीकडं अशी अचानक मेली की तो म्हातारा पुढच्या सीटवर आपटला. वकीलसाहेब रस्त्यावर गुडघे टेकून प्लगकडं बघतायत, मागून एसटी हॉर्न मारतेय.

"वकीलसाब, माझी तारीख हाय आज," म्हातारा रडकुंडीला आला.

"तारीख पुन्हा पडंल," वकीलसाहेब प्लगवरची नजर न काढता म्हणाले, "हा रंग पुन्हा पडायचा न्हाय."

तो म्हातारा खाली उतरला आणि त्याच एसटीत चढला. तरीही पुढच्या खटल्याला तो यांच्याचकडं का आला, हे मला आजवर कळलेलं नाही.

पण खरा धक्का होता तो गाऊन. एका रविवारी सकाळी मी केस वाळवत अंगणात आले तर गाडीच्या उघड्या तोंडातून दोन पाय बाहेर, आणि वर सगळं काळं. मला वाटलं गाडीनं माणूस गिळला. मी किंचाळले. काकू धावत आल्या, बघितलं, आणि "काय बाई घाबरवलंत!" म्हणून मलाच रागावून परत गेल्या. वकीलसाहेबांनी जिल्हा कोर्टातला आपला काळा गाऊन डोक्यावरून इंजिनावर पांघरला होता. आतून आवाज आला, "बाई, ओरडून झालं असंल तर गाडीत बसा आणि उजवा पाय हळू दाबा."

त्यांच्या विलायतेतल्या भाच्यानं त्यांना एक काचेचा प्लग पाठवला होता. नेहमीचा प्लग काढून तो बसवला की काचेतून इंजिनाच्या आतली आग दिसते, फक्त अंधार लागतो. म्हणून गाऊन. त्या दिवशी त्यांनी मलाही गाऊनखाली डोकं घालायला लावलं. पेट्रोलचा वास, कढत हवा, आणि त्या एवढ्याशा काचेत पिवळा उजेड लपलपत होता. त्यांनी स्क्रू जरासा फिरवला. पिवळ्याचा निळा झाला. मी "अगबाई!" म्हटलं. एवढ्या मोठ्या लोखंडाच्या पोटात इतकं सुंदर काही असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी माझा उजवा पाय त्यांच्या ताब्यात गेला. ते गाऊनखाली, मी सीटवर. "दाबा. अजून. आता पाय काढा. काढा म्हणतो ना!" पाय काढल्यावर गाडी कशी चालते यावर त्यांचा सगळा भर. "दाबल्यावर कुणीही चालतं बाई. पाय काढल्यावर जी गचका न देता चालती, ती गाडी." शेडमधून सावलीत आणि सावलीतून शेडमध्ये गाडी न्यायलाही त्यांनी मला शिकवलं, कारण त्यांना स्वतःला बाहेरून आवाज ऐकायचा असायचा. पहिला गिअर आणि मागचा गिअर, एवढीच माझी विद्या.

त्या गाऊनला पेट्रोलचा असा वास मारायचा की कोर्टात शेजारचे वकील विडी ओढायला लांब जाऊन उभे राहत.

एक आठवण सांगायलाच हवी. काकू वाईट नव्हत्या, पण सुरुवातीला माझ्या चहाची कपबशी वेगळी होती. दांड्याला टवका गेलेली, ओट्याच्या कडेला पालथी घातलेली. मला ती पहिल्याच दिवशी दिसली आणि मी काही बोलले नाही, कारण दुसरी खोली मिळणार नव्हती. एके दिवशी चहाच्या वेळेला ती कपबशी सापडेना. वकीलसाहेबांनी तिच्यात पेट्रोल ओतून कार्बोरेटरचे बारके जेट बुडवून ठेवले होते. काकू चिडल्या. "तुम्हाला दुसरं भांडं मिळालं न्हाय?" "हीच रिकामी पडली होती," ते म्हणाले. काकूंनी मला घरातल्या कपात चहा दिला, आणि मग तोच रिवाज पडला. टवक्याची कपबशी शेवटपर्यंत शेडमध्ये राहिली. त्यांनी ते मुद्दाम केलं का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी स्क्रू उलटा फिरवलाय.

ती दुष्काळाची वर्षं होती. शाळेत पोरं कमी आणि खडी फोडायच्या कामावर जास्त. बैल चाऱ्याच्या छावणीला गेलेले. आमचं गाव येडशीच्या रस्त्याला. तिथं आमच्या वस्तीतल्या घरांनी मिळून पाणीपुरवठ्याची सहकारी सोसायटी काढली होती. सामाईक विहीर, रॉकेलवर चालणारं सामाईक इंजिन, आणि प्रत्येकाची पाण्याची पाळी. इंजिन आलं तेव्हा त्याला हार घातला होता. पुढं विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. पंप पाणी एका मर्यादेपर्यंतच ओढतो, म्हणून इंजिनही पाण्यामागं खाली गेलं. विहिरीत आडवी लाकडं ठोकून माचा केला आणि त्यावर इंजिन बसवलं. सगळ्यांनी त्या युक्तीचं कौतुक केलं. मीही केलं.

माझा थोरला भाऊ, दादा, बाजाराला आला की माझ्याकडं येऊन बसायचा. असाच एकदा आला आणि कपाळ दाबत बसला.

"डोकं लई दुखतंय गं. इंजिनाजवळ बसलं की दुखतं. वर आलं की उतरतं."

अंगणातून वकीलसाहेब आत आले. त्यांच्या हातात गाडीचा कार्बोरेटर होता, सगळा सुटा केलेला.

"कुठं बसलं की?"

"विहिरीत, वकीलसाब. इंजिन खाली उतरवलंय न्हवं. रॉकेल सपलं की उतरून भरावं लागतं."

"धूर कसला टाकतं? काळा?"

"व्हय. लई काळा."

"आणि तो जातो कुठं?"

दादाला प्रश्न कळला नाही. धूर आपला वर जातो. वकीलसाहेब मटकन खाली बसले. त्यांना इतकं गंभीर मी कधी बघितलं नव्हतं.

"दिसतो तो धूर मारत न्हाय रे. त्याच्या बरोबर जो दिसत न्हाय, वास येत न्हाय, तो मारतो. उपाशी ज्योतीचं विष ते. विहिरीत साठतं."

दादा हसला. "आमी काय येडे हाव का? उतरायच्या आधी कंदील सोडून बघतो. जळत राहिला की उतरायचं. आमच्या बापजाद्यांपास्नं चालत आलंय."

"कंदिलाला काय कळतंय!" वकीलसाहेब केवढ्यांदा तरी ओरडले. "कंदील जळत राहील आणि तू मरशील!"

दादा उठला. वकील माणसानं मरायचं बोलावं हे त्याला आवडलं नाही. रविवारी माझी पाळी आहे, सकाळपासून इंजिन चालणार, एवढं सांगून तो गेला. वकीलसाहेब म्हणाले, "रविवारी आपण जायचं. मी ते इंजिन वर काढून घेतो, मग सोसायटी माझ्यावर फिर्याद करो."

रविवार उजाडला. मी तयार होऊन अंगणात, आणि वकीलसाहेब गाऊनखाली.

"चला ना," मी म्हटलं.

"पाय काढल्यावर गचके देतायत. कालच जोडलाय सगळा."

"रस्त्यावर द्या म्हणावं गचके!"

"असल्या मिजाजात मी त्यांना बाहेर काढणार न्हाय. बसा. पाय ठेवा."

मी बसले. दात आवळून दाबत राहिले, सोडत राहिले. ऊन अंगणभर झालं. काकूंनी दोनदा चहा आणून ठेवला आणि तो निवला. माझा भाऊ विहिरीत उतरणार आहे आणि हा माणूस काचेत आग बघत बसलाय! मी तोंडाला येईल ते बोलले. गाऊनखालून एकच उत्तर, "अजून पिवळी डोकावते." शेवटी ते बाहेर आले, गाऊन मागच्या सीटवर टाकला, आणि गाडी काढली. त्या सकाळचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो जायला हवा होता, हेही मला ठाऊक आहे.

आम्ही विहिरीवर पोचलो तेव्हा सगळं शांत होतं. इंजिन बंद. काठावर वहिनी, आमच्या सोसायटीचे म्हातारे चेअरमन आणि एक तरणा गडी, तिघंही वाकून खाली बघत होते. बाकीचे लोक खडीच्या कामावर, कारण कामाला सुट्टी बाजारच्या दिवशी असायची. रॉकेल संपलं म्हणून दादा भरायला उतरला होता. माच्यावर इंजिनाशेजारी कुशीवर झोपल्यासारखा पडला होता. वहिनी हाका मारत होती. दोरीला बांधलेला कंदील त्याच्या डोक्यापाशी लोंबकळत होता, आणि चांगला जळत होता.

"दिवा जळतोय न्हवं," चेअरमन म्हणाले. "हवा चांगली हाय. भोवळ आली असंल. जा रे, उतर."

तो गडी काठावरच्या लोखंडी पायऱ्यांना हात घालतोय, तोवर वकीलसाहेबांनी धावत जाऊन त्याच्या मुस्काटात मारली. इतक्या जोरात की तो मागं पडला. त्यांना कुणावर हात उचलताना मी बघितलं नव्हतं.

"जन्मभर ज्योत बघत आलोय मी!" ते ओरडले. "मी सांगतो, ह्या विषात ज्योत विझत न्हाय. माणूस विझतो."

मग ते भराभर बोलू लागले. मोटेचं चाक अजून विहिरीवर होतं आणि मोटेचा जुना नाडा, जाड दोर, शेजारच्या झोपडीत. बैल नव्हते. त्यांनी गाडी पाठमोरी करून, बैल जिथून चालायचे त्या उताराच्या धावेवर उभी केली. नाड्याचं एक टोक चाकावरून घेऊन गाडीच्या मागं बांधलं, दुसरं आपल्या कमरेला.

"बाई, तुम्ही बसा. आम्ही हाक मारली की पुढं चला."

"मला येत नाही," मी म्हटलं. "वकीलसाहेब, मला खरंच येत नाही. दोर तुटेल. आपटतील."

ते खिडकीत वाकले. "उजवा पाय ठेवूच नका. नुसता क्लच हळू सोडा. बाकी त्या बघतील."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ते पायऱ्यांवरून उतरले. या वयाला, धोतर खोचून.

माझी पाठ विहिरीकडं होती. समोर उतार, वाळलेली धसकटं, आणि लांबवर रामलिंगाच्या देवळाच्या बाजूचा डोंगर. मागं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आत एकच नाडा आहे, आणि दादाला बांधायचं तर त्यांना तो आधी स्वतःच्या कमरेचा सोडावा लागणार. त्या गाठी सोडायला किती वेळ लागतो? आणि श्वास किती वेळ पुरतो?

"चला!" गडी ओरडला.

मी क्लच सोडला. पाय बाजूला घेतला. गाडी चालू लागली. मी काहीच करत नव्हते. तिनं गचका दिला नाही, धाप टाकली नाही, बैल चालावा त्या चालीनं ती उतारावरून माझ्या भावाला वर ओढत निघाली. मी चाक घट्ट धरून मोठमोठ्यानं रडत होते आणि इंजिनाचा आवाज माझ्या रडण्यापेक्षाही बारीक होता.

"थांबवा! आला!"

मी मागं वळून बघितलं. दादा काठावर होता. त्याचे गाल लाल, ओठ लाल. मेलेला माणूस पांढरा पडतो एवढंच मला माहीत, म्हणून तो लाल बघून मला हायसं वाटलं. ती लाली त्या विषाचीच असते, हे मला दवाखान्यात कळलं.

गाडी मागं घेतली. नाडा परत खाली सोडला. गडी वाकून ओरडत होता, "वकीलसाब, दोर धरा! कमरंला घ्या!" मग म्हणाला, "बसलेत. दोराकडं बघत बसलेत." आम्ही सगळे ओरडू लागलो. वहिनी, जिचा नवरा नुकता वर आला होता, तीसुद्धा काठावर येऊन ओरडली. कधीतरी त्यांनी नाडा बगलेखालून घेतला. गाठ मारली की नुसता पीळ दिला, कुणास ठाऊक. मी पुन्हा क्लच सोडला. पुन्हा ती तशीच चालली.

दोघांना मागच्या सीटवर घालून मी कळंबला निघाले. वहिनी दोघांची डोकी मांडीवर घेऊन बसली आणि अंगावर तो गाऊन टाकला. सगळा रस्ता मी पहिल्या गिअरमध्ये गेले, कारण दुसरा मला माहीतच नव्हता. इंजिन किंचाळत होतं. वाटेत दादाला ओकारी झाली आणि त्यानं डोळे उघडले. थोड्या वेळानं वकीलसाहेबांनीही उघडले. ते म्हणाले, "बाई, दुसरा टाका, दुसरा. त्यांना त्रास होतोय."

"दुसरा कुठं असतो?" मी ओरडले. पण तोवर त्यांनी पुन्हा डोळे मिटले होते.

दोघंही वाचले. कळंबच्या दवाखान्यातून त्यांना जिल्ह्याला नेलं आणि दोघंही चालत घरी आले. दादाला पुढं काहीच झालं नाही. तो आजही ठणठणीत आहे आणि डोकं दुखलं म्हणून कधी तक्रार करत नाही. सोसायटीनं इंजिन वर काठावर आणलं, खाली फक्त पंप ठेवून मधे लांब पट्टा घातला, आणि वकीलसाहेबांचा सत्कार केला. सत्काराला ते शाल खांद्यावर टाकून सोसायटीच्या इंजिनाचा कार्बोरेटर सोडवत बसले आणि चेअरमनचं भाषण चालू असताना, "बंद कर रे, आवाज ऐकू येईना," म्हणून त्यांना गप्प केलं. सगळे हसले. मी तर पोट धरून हसले. मला वाटलं, संपलं सगळं, सुटलो.

मग काही आठवड्यांनी काकू माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाई, ह्यांनी आज गाडीला 'ही' म्हटलं."

"म्हणजे?"

"'ही कुणाची गाडी हाय आपल्या अंगणात?' म्हणाले."

आम्हाला वाटलं थट्टा. पण त्यांचं चालणं आखूड झालं. पाय घासत चालू लागले. चेहऱ्यावरचं हसू गेलं, रागसुद्धा गेला. कोर्टात उभे राहिले आणि कशासाठी उभे आहेत ते आठवेना, म्हणून परत आणलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा वायू काहींच्या बाबतीत असंच करतो. माणूस बरा होतो, हिंडतो-फिरतो, आणि मग मागाहून तो मेंदूवर येतो. बरं होऊन मग! मला ते ऐकून इतका संताप आला की मी डॉक्टरांशीच भांडले. माणूस आधी परत द्यायचा आणि मग नेऊन टाकायचा, याला काय म्हणायचं?

माझा विश्वास बसेना. बाकी सगळं विसरले असतील, पण हे विसरणं शक्य नाही, असं मी धरून बसले. म्हणून एका संध्याकाळी मी मुद्दाम स्टोव्ह बिघडवला. बर्नर नीट तापू न देताच रॉकेल सोडलं, पिन मारली नाही, हवाही अर्धीच भरली. ज्योत पिवळी, लांब, लपलपती निघाली. भांड्याच्या कडा काळ्या होऊ लागल्या. दार उघडं ठेवलं आणि मी वाट बघत बसले. मला त्यांच्या शिव्या हव्या होत्या. उर्दूतल्या, घरभर ऐकू येतील अशा.

ते पाय घासत आले. नेहमीसारखंच खोकले नाहीत, हाक मारली नाही. सरळ आत आले आणि स्टोव्हपुढं, भिंतीला धरत, कष्टानं उकिडवे बसले. त्यांनी ज्योतीकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा त्या उजेडात पिवळा झाला होता.

"किती छान रंग आहे, बाई," ते म्हणाले. आणि शेकायला हात पुढं केले.

मी "हो" म्हटलं. भांडं उतरवून ठेवलं आणि स्टोव्ह तसाच जळत राहू दिला, कारण ते बघत होते.